'बघू' म्हणजे नाही: ऑटिस्टिक माणसं दुसऱ्याचं मन कसं ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता तेवीस वर्षांचा. त्याच्यामुळे विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि पालकांच्या बैठका घ्यायला लागले. दर बैठकीला तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. निदान, औषधं, शाळाप्रवेश यांबद्दल इथे काही नाही. समोरचा असा का वागला, त्याच्या मनात काय आहे, हे ऑटिस्टिक माणूस कसं ओळखतो, एवढाच विषय आहे. सगळीकडे 'तो' लिहिलंय कारण माझ्या घरात 'तो' आहे. मुलींचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हे खरं का?

असं सरसकट म्हणता येत नाही. कळतं. बऱ्याचदा उशिरा कळतं, कष्टाने कळतं आणि आपल्याला अपेक्षित नसलेल्या खुणांवरून कळतं. मी चिडलेय हे माझ्या मुलाला चेहऱ्यावरून उमगत नाही, भांड्यांच्या आवाजावरून उमगतं. कढई ओट्यावर कशी टेकवली यावरून तो अंदाज बांधतो, आणि तो त्याच्या बाबांच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर निघतो.

एक गोष्ट आधीच सांगते. नोकरी करणारा इंजिनीअर आणि अजिबात न बोलणारी आठ वर्षांची मुलगी, दोघांनाही आपण ऑटिस्टिकच म्हणतो. पुढे ज्या प्रयोगांबद्दल लिहिलंय, ते बहुतेक बोलू शकणाऱ्यांवर झालेले आहेत. न बोलणाऱ्यांच्या मनात काय चालतं, याबद्दल कुणी छातीठोक सांगायला लागलं तर जरा सावध राहा.

मग 'त्यांना मन वाचता येत नाही' हे आलं कुठून?

याची गोष्ट चिंपांझीपासून सुरू होते. १९७८ मध्ये प्रेमॅक आणि वुड्रफ या दोन संशोधकांनी विचारलं, की समोरच्याला काय हवंय हे चिंपांझीला कळतं का? दुसऱ्याला स्वतःचं मन असतं, त्यात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे ओळखण्याच्या क्षमतेला त्यांनी 'थिअरी ऑफ माइंड' असं नाव दिलं. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर यांनी लहान मुलांसाठी त्याची एक चाचणी तयार केली. १९८५ मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी तीच कल्पना बाहुल्यांच्या रूपात ऑटिस्टिक मुलांपुढे ठेवली.

सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ॲन ती काढून खोक्यात लपवते. सॅली परत आली. ती गोटी कुठे शोधेल? उत्तर आहे टोपलीत, कारण गोटी हलवल्याचं तिला माहीतच नाही. साधारण साडेचार वर्षांच्या २७ मुलांपैकी २३ जणांनी बरोबर सांगितलं. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ जणांनी सांगितलं. ऑटिस्टिक मुलं २० होती, सरासरी वय जवळजवळ बारा, आणि त्यांतल्या १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं.

निकाल ठसठशीत होता आणि जगभर गेला. पुस्तकांत, प्रशिक्षणांत, डॉक्टरांच्या तोंडी त्याचं वाक्य झालं: 'ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही.' त्या वीसपैकी चार मुलं पास झाली होती, हे मात्र कुणी सांगत बसलं नाही.

पुढे आणखी गोष्टी कळल्या. फ्रान्चेस्का हॅपे यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की या चाचणीचं उत्तर भाषेच्या समजेशी घट्ट बांधलेलं आहे. इतर मुलं चारेक वर्षांच्या भाषिक समजेला पास होतात, ऑटिस्टिक मुलांना त्यासाठी नऊएक वर्षांची समज लागते. म्हणजे वाट लांबची असते, पण असते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल यांनी तशाच चाचण्या कर्णबधिर मुलांना दिल्या. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी, खुणांच्या भाषेशिवाय वाढलेली बरीच मुलं त्यात नापास झाली. ती काही ऑटिस्टिक नव्हती. त्यांच्याशी कुणी मनातलं बोललंच नव्हतं. 'आजीला वाटलं तू झोपलास', 'मला आठवलंच नाही', 'बाबांना माहीत नव्हतं' ही वाक्यं आपण दिवसभर सहज टाकत असतो आणि मुलं ती वेचत असतात. ती कानावर पडली नाहीत, की दुसऱ्याचं मन ही कल्पनाच उशिरा येते. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला हा सगळ्यात कामाचा भाग वाटतो.

चाचणीत बरोबर सांगतो, वर्गात मात्र फसतो. असं का?

पाढे आठवा. ज्याला तेराचा पाढा पाठ आहे, तो 'तेरा सात?' म्हटल्याबरोबर एक्क्याण्णव म्हणतो. ज्याला पाठ नाही, तो तेरात तेरा मिळवत जातो. उत्तर दोघांचं एकच येतं, पण दुसऱ्याला वेळ लागतो आणि मध्ये कुणी बोललं की हिशेब विस्कटतो. चाचणीच्या खोलीत शांतता असते, माणूस एक असतो, प्रश्न एक असतो. वर्गात चाळीस जण, पंख्याची घरघर, दोन मुलं हसतायत, आणि 'ती माझ्यावर हसतायत की दुसऱ्याच कशावर' हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. तोवर बेरीज पूर्णच होत नाही.

सेंजू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रौढांची नजर मोजून जवळपास हेच मांडलं होतं. तोंडी विचारलं की बरोबर सांगणारी ऑटिस्टिक माणसं, न विचारता नुसतं बघताना 'आता हा कुठे शोधेल' याचा अंदाज नजरेने आधीच घेत नव्हती. मात्र नजरेच्या या चाचण्यांचे निकाल पुढे इतर प्रयोगशाळांना ऑटिस्टिक नसलेल्या लोकांवरसुद्धा नीट मिळाले नाहीत. त्यामुळे हा प्रयोग शेवटचा शब्द म्हणून कुणाच्या तोंडावर फेकू नका. पाढ्याचं उदाहरण माझं आहे, ते हवं तर घ्या.

शब्दाचा अर्थ शब्दशःच का घेतो?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते, कारण आपली मराठी भाषा या बाबतीत भारी अवघड आहे. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो. जाणारा माणूस येतो म्हणतोय! नारळ फोडतात, त्याला म्हणतात वाढवला. बांगडी फुटली की वाढवली. दुकान बंद केलं की तेही वाढवलं. आणि पानात भात घालणं, तेही वाढणंच. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना कोपऱ्यावरचे वाणी रात्री म्हणाले, 'चला, दुकान वाढवू.' दुसऱ्या दिवशी हा सकाळी जाऊन दुकान किती मोठं झालं ते बघून आला.

ऑटिझमचं पहिलं मोठं वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवरून लिहिलं. त्यातही असाच एक मुलगा आहे. 'हो' म्हणालास तर खांद्यावर घेईन, असं सांगून वडिलांनी त्याला 'हो' म्हणायला शिकवलं. पुढे कितीतरी दिवस 'हो' या शब्दाचा त्याच्या लेखी अर्थ 'मला खांद्यावर घ्या' एवढाच होता. शब्द जिथे चिकटला तिथेच राहिला.

पण एक बारकावा सांगते, तो पालकांच्या लक्षात येत नाही. वाक्प्रचार शिकवणं सोपं असतं. 'डोकं खाऊ नकोस', 'हात धुऊन मागे लागला', 'दुकान वाढवणे' यांची यादी करता येते आणि आमची मुलं याद्यांत पक्की असतात. अवघड असतं ते 'बघू'. बाबा 'बघू' म्हणाले म्हणजे नाही. मावशी 'बघू' म्हणाली म्हणजे बहुतेक हो. डॉक्टर 'बघू' म्हणाले म्हणजे खरंच बघणार आहेत. शब्द तोच, अर्थ बोलणाऱ्याच्या मनात. तसंच 'कधीतरी या ना घरी' हे आमंत्रण नसतं, निरोप असतो. माझा मुलगा अशा एकांच्या घरी रविवारी सकाळी आठ वाजता जाऊन बसला होता. त्यांनी पोहे दिले, त्यांचं कौतुकच आहे.

आणि आग्रह! पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'खरंच नको', मग तिसऱ्यांदा घ्यायचं, ही आपली रीत. समोरचा 'नको' म्हणाला की हा ताट उचलतो. पाहुण्यांना वाटतं, पोराला वळण नाही. वास्तविक त्या घरात पाहुण्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा तो एकटाच असतो.

टोमणे, उपरोध कळतो का?

शिकल्यावर कळतो. 'या राजे, या!' हे उशिरा आलेल्याला म्हटलं की कौतुक नसतं, हे त्याला आता माहीत आहे, कारण त्याने घड्याळ आणि वाक्य यांची जोडी लावून ठेवलीय. नवीन टोमणा मात्र दर वेळी नवाच असतो. काही ऑटिस्टिक लोक स्वतः उत्तम उपरोधिक बोलतात. फेकता येतो पण झेलता येत नाही, असा चेंडू समजा.

डोळ्यांत बघत नाही, मग चेहरा कसा वाचणार?

अनेकांना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं त्रासाचं होतं. काही जण तर म्हणतात, बघू किंवा ऐकू, दोन्ही एका वेळी नाही जमत. त्यामुळे 'माझ्याकडे बघून बोल' म्हणताना आपण नेमकं काय मागतोय, ते लक्षात घ्या.

येल विद्यापीठात आमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ऑटिस्टिक तरुणांना एका जुन्या चित्रपटातले प्रसंग दाखवून त्यांची नजर कुठे जाते ते मोजलं. डोळ्यांकडे कमी जात होती, तोंडाकडे आणि वस्तूंकडे जास्त. इथवर अपेक्षित. गंमत पुढे आहे. ज्यांची नजर तोंडावर जास्त टिकत होती, त्यांचं रोजचं लोकांतलं वागणं इतरांपेक्षा बरं होतं. म्हणजे तोंडाकडे बघणं ही चूक नसून त्यांनी शोधलेली वाट असावी. शब्द तिथूनच येतात ना.

जांभईचं उदाहरणही मला आवडतं. ऑटिस्टिक मुलांना दुसऱ्याची जांभई बघून जांभई येत नाही, म्हणजे त्यांचं मन समोरच्याशी जोडलेलं नाही, असा निष्कर्ष निघत होता. पुढे २००९ मध्ये सेंजू यांच्याच गटाने मुलांना चित्रफितीतल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायला सांगितलं, आणि त्यांनाही इतर मुलांएवढ्याच जांभया आल्या.

इंटरनेटवर डोळ्यांच्या फोटोंची चाचणी दिली, कमी गुण पडले. मी ऑटिस्टिक आहे का?

त्यावरून ठरत नाही. नुसत्या डोळ्यांचे ३६ फोटो, प्रत्येकाला चार शब्द आणि त्यांतून त्या माणसाच्या मनातलं सांगणारा एक निवडायचा, अशी ही २००१ ची सुधारित चाचणी आहे. तिचे फोटो मासिकांतून घेतलेल्या पाश्चात्त्य चेहऱ्यांचे आहेत आणि शब्द असे, की इंग्रजी पक्कं नसेल तर चेहरा कळूनही उत्तर चुकावं. शिवाय २०१६ मध्ये ओकली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या चाचणीतले गुण ऑटिझमपेक्षा अलेक्सिथायमियाशी जास्त जुळतात. तो काय प्रकार, ते पुढच्याच उत्तरात.

आजोबा गेले तेव्हा रडला नाही, उलट 'आता त्यांची खोली मला का?' विचारलं. त्याला कुणाचं काहीच वाटत नाही का?

हा प्रश्न विचारताना आईवडिलांचा आवाज खाली जातो. उत्तर सावकाश देते.

दुसऱ्याचं दुःख ओळखणं ही एक गोष्ट, आणि ओळखल्यावर आतून हलणं ही दुसरी. ऑटिस्टिक माणसाची अडचण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर असते. दुःख आहे हे कळलं की हलतो, कधीकधी इतका की सहन होत नाही आणि खोलीतून निघून जातो. बघणाऱ्याला वाटतं, पाठ फिरवली.

तिसरीही एक गोष्ट आहे. स्वतःला काय वाटतंय याला नावच देता न येणं, त्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. हा ऑटिझम नव्हे, पण सोबत बऱ्याचदा असतो. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ऑटिस्टिक लोकांत साधारण निम्म्यांना आणि इतरांत शंभरातल्या पाचेकांना तो असल्याचं दिसलं. जेफ्री बर्ड आणि रिचर्ड कुक यांनी २०१३ मध्ये असं मांडलं, की ऑटिझमच्या खात्यावर लिहिलेल्या भावनांच्या अडचणींपैकी बऱ्याच खरं तर या दुसऱ्या खात्यावरच्या आहेत. स्वतःच्या पोटातला गोळा भुकेचा की दुःखाचा हे ज्याला सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ते कसं सांगावं?

खोलीच्या प्रश्नाबद्दल. माणूस गेला, रोजची घडी मोडली, आता कुठलं काय कुठे जाणार हे कळेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर येत नाही. तो मालमत्ता विचारत नव्हता, नकाशा विचारत होता. माझे सासरे गेले तेव्हा माझ्या मुलानेही असंच काही विचारलं होतं. तेराव्यानंतर अडीच महिन्यांनी एका दुपारी तो त्यांच्या चपला पुसत बसला होता.

चुकून धक्का लागला तरी 'मुद्दाम मारलं' म्हणतो. काय करावं?

आधी हे घ्या, की त्याच्यासाठी लागलेलं खरं आहे, दिसणारं आहे. समोरच्याचा हेतू दिसत नाही, तो कल्पावा लागतो. मोरन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांना काही गोष्टी सांगितल्या. एकीने मैत्रिणीच्या कॉफीत साखर समजून भुकटी घातली, ती विष निघाली. दुसऱ्या गोष्टीत विष समजून घातली, ती साखर निघाली, कुणाला काही झालं नाही. इतर लोक पहिलीला बरंचसं माफ करतात आणि दुसरीला दोषी धरतात. ऑटिस्टिक गटात हा फरक पुसट होता. हेतू काय होता हे त्यांना माहीत होतं. न्याय करताना मात्र पारडं घडलेल्या परिणामाकडे झुकत होतं. अभ्यास छोटा होता, पण वर्गातल्या भांडणांशी जुळतो.

शाळेतला दुसरा भाग आपण विसरतो. ज्याला रोज खरोखर मुद्दाम धक्के मारले जातात, त्याने सहावा धक्का चुकून लागला असं का मानावं? त्याचा हिशेब अनुभवावर चाललाय. 'त्याने मुद्दाम केलं नाही रे' असं म्हणण्याआधी खरंच केलं नव्हतं ना, हे बघून घ्या. मग चित्र काढून दाखवा: इथे तू होतास, तो मागे बघत पळत होता, त्याला तू दिसला नाहीस. 'दिसला नाहीस' हा शब्द कामाचा. कुणाला काय दिसलं आणि काय दिसलं नाही इथून सुरुवात केली, की 'मुद्दाम' आणि 'चुकून' यांतला फरक पटतो.

उलटा धोका जास्त मोठा आहे. हेतू दिसत नाही म्हणून वाईट हेतूही दिसत नाही. 'आपण मित्र ना, मग पाचशे रुपये दे' यावर विश्वास बसतो. ओटीपी विचारणाऱ्याला ओटीपी दिला जातो. इथे मन वाचायला शिकवत बसू नका, सरळ नियम द्या: ओटीपी कुणालाही नाही, अगदी मला आईलाही फोनवर नाही.

त्याला खोटं बोलता येत नाही का?

येतं. वाईट जमतं, इतकंच. 'दात घासले' म्हणतो आणि ब्रश कोरडा असतो.

सगळी चूक त्याचीच का? लोकांनाही तो कळत नाहीच की.

हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. विचारायला हवा. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी नेमका हाच मांडला. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्यांचं म्हणणं असं, की दोन वेगळ्या तऱ्हेची माणसं भेटली की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, पण नापासाचा शिक्का एकाच बाजूला बसतो. याला आता 'दुहेरी सहानुभावाचा प्रश्न' म्हणतात.

प्रयोगही झाले. २०१६ मध्ये एडी आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन त्रिकोण हलवून चिडवणं, मनधरणी करणं असे भाव दाखवायला सांगितले. ऑटिस्टिक लोकांनी हलवलेले त्रिकोण इतरांना नीट ओळखता येईनात. २०१७ मध्ये नोआ सॅसन यांच्या गटाने ऑटिस्टिक आणि इतर लोकांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी माणसांना दाखवल्या. कोण ऑटिस्टिक हे सांगितलेलं नव्हतं. तरी ऑटिस्टिक माणसांशी बोलायला, शेजारी बसायला लोक कमी तयार होते. मग त्याच माणसांचं तेच बोलणं कागदावर लिहून दिलं. फरक नाहीसा झाला. काय बोलतो यात काही खोट नव्हती, कसा दिसतो, कसा हात हलवतो, कुठल्या सुरात बोलतो, यावर निकाल लागत होता. आपल्याकडे मुलगी बघायला जातात, तिथे हे वेगळं सांगायला नको.

मग ऑटिस्टिक माणसं एकमेकांना बरोबर ओळखतात का? कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये कानगोष्टीसारखा खेळ लावला. आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या, काहींत सगळे ऑटिस्टिक, काहींत एकही नाही, काही मिश्र. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत मात्र तुटत गेली. या निकालाचं फार स्वागत झालं, मीही बैठकांत आनंदाने सांगत असे. पण २०२५ मध्ये त्यांच्याच गटाने ३११ जणांवर मोठा प्रयोग केला आणि त्यात तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत फरक दिसला नाही. म्हणजे 'ऑटिस्टिक लोक एकमेकांशी उत्तम बोलतात, फक्त आपल्याशी जमत नाही' हेही फार सोपं करून सांगितलेलं होतं. ऑटिस्टिक माणूस माहिती पोचवण्यात कच्चा असतो, याला मात्र त्या प्रयोगातही आधार मिळाला नाही.

माझ्या मुलीला तर सगळ्यांचं मन छान कळतं. तरी डॉक्टर ऑटिझम म्हणतात.

तिला विचारा, कळतं की पाठ केलंय. अनेक मुली आणि बायका दुसऱ्यांचं वागणं बारकाईने बघून त्याची नक्कल करतात. कुठे हसायचं, मैत्रिणीचं लग्न ठरलं की कुठल्या सुरात 'अय्या, खरंच?' म्हणायचं, हे घरी आरशासमोर घोटलेलं असतं. बाहेरून उत्तम दिसतं. घरी आल्यावर दोन तास अंधारात पडून राहावं लागतं. चेहरा झाकण्याच्या या कामाला 'मास्किंग' म्हणतात आणि त्याचा थकवा खरा असतो.

मन ओळखायला शिकवता येतं का? वर्ग असतात म्हणे.

असतात. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेते. २०१४ मध्ये तिच्या एका आढाव्यात अशा शिकवणीचे २२ प्रयोग आणि ६९५ जणांची माहिती एकत्र पाहिली. ठरावीक कौशल्य शिकवता येतं असं दिसलं. ते वर्गाबाहेर वापरलं जातं आणि टिकतं, याला पुरावा तुटपुंजा होता. माझा अनुभव तोच आहे. कार्डावरचा हसरा चेहरा 'आनंद' म्हणून ओळखणाऱ्या मुलाला हसून ओरडणारी शिक्षिका ओळखता येत नाही.

महागडे वर्ग लावायच्या आधी घरात मनातलं मोठ्याने बोलायला लागा. 'मला वाटलं दूध संपलं, म्हणून आणलं. फ्रिजमध्ये होतं, मी बघितलंच नव्हतं.' वाटलं, बघितलं, माहीत नव्हतं, विसरले. खर्च शून्य.

घरात नेमकं कसं बोलावं?

'दार उघडं आहे' म्हणू नका, 'दार लाव' म्हणा. 'बघू' ऐवजी 'नाही' किंवा 'शनिवारी सांगते' म्हणा, आणि शनिवारी सांगा. चिडला असाल तर चिडलेय म्हणा, गप्प राहून समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा धरू नका (हे नवऱ्यालाही लागू पडतं). नातेवाइकांना आधी फोन करून सांगा, की तो 'नको' म्हणाला तर त्याला खरंच नकोय. आमच्या आत्याबाईंना हे पटायला चार दिवाळ्या गेल्या.

प्रश्न विचारल्यावर थांबा. बेरीज चालू असते. मनात दहापर्यंत मोजा, बरेचदा सात-आठला उत्तर येतं. मध्येच दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलंत, तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ऑफिसात?

'जमलं तर आज बघ' हा साहेबांचा हुकूम असतो, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं. त्याला खरंच वाटतं, जमलं तर. कामाची यादी, वेळ, आणि कुणाला विचारायचं ते लेखी मागून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे असं मागणं हा हट्ट ठरत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हे सगळं तपासतात का?

थोडंसं. त्यासाठी आयएसएए नावाची भारतीय मापनपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि ७० पासून पुढे ऑटिझम धरतात. नजरानजर, इतरांशी मिसळणं, भावनांना प्रतिसाद असे मुद्दे त्यात आहेत. पण ती बाहेरून दिसणारं वागणं मोजते. आत किती बेरजा चालतात, ते कुठल्याच रकान्यात येत नाही. मास्किंगमध्ये तरबेज असलेल्यांचे गुण म्हणूनच कमी भरतात.

'स्वमग्न' म्हणावं की 'ऑटिस्टिक'?

मूळ शब्द ग्रीक 'ऑटोस', म्हणजे स्वतः, यावरून आलाय. त्याचं मराठी 'स्वमग्न' चपखल झालं आणि तीच पंचाईत आहे. शब्द ऐकूनच वाटतं, हा स्वतःत बुडालेला आहे, त्याला बाकीच्यांशी देणंघेणं नाही. माझ्या ओळखीची बहुतेक ऑटिस्टिक माणसं दिवसभर इतरांचाच विचार करत असतात: ही का हसली, तो असं का म्हणाला, मी काही चुकलो का. सरकारी कागदावर 'स्वमग्नता' येतं, तिथे लिहा. घरात मी ऑटिस्टिक म्हणते. ज्याच्याबद्दल बोलायचंय तो मोठा असेल तर त्यालाच विचारा.

दिवसातून वीस वेळा विचारतो, 'तू रागावलीस का?' वेड लागायची पाळी आलीय.

आमच्याकडेही होतं. आपण वैतागून 'नाही रे बाबा!' म्हणतो. शब्द 'नाही', सूर 'हो'. त्याने दोन्ही ऐकलेले असतात, ते जुळत नाहीत, म्हणून तो एकविसाव्यांदा विचारतो. खरं उत्तर दिलं की प्रश्न कमी होतात. रागावले नसेन तर मी 'नाही, दमलेय' म्हणते. रागावले असेन तर 'हो, पण तुझ्यावर नाही, गॅस संपलाय' म्हणते. मग तो माझा फोन घेतो आणि गॅसचा नंबर लावतो.